मधमाशीपालन, खंड तिसरा

(हॅम्बुर्ग, १९४२. टेसमर बाईंचं पुस्तकांचं दुकान. समोर निवृत्त शाळामास्तर क्वाडे, हातात पुडकं.)

मास्तर : हा तिसरा खंड नव्हे, बाई.

बाई : आवडला नाही?

मास्तर : मधमाशीचं नाव नाही. चाळीस कागद, सगळ्यांवर एकच मजकूर. हिटलर हरणार, युद्ध थांबवा.

बाई : हळू बोला, मास्तर.

मास्तर : याहून हळू मी उभ्या जन्मात बोललो नाही.

बाई : पण 'मधमाशीपालनाचा तिसरा खंड' मागितलात कशाला?

मास्तर : दुसरा ऑक्टोबरात संपतो म्हणून! पेट्या झाकल्या, समाप्त. हिवाळ्यात माश्यांचं काय, कोण सांगणार?

बाई : त्याचे दोनच खंड आहेत. म्हणून तर ती खूण ठरवली. नसलेलं पुस्तक खरं गिऱ्हाईक कशाला मागेल?

मास्तर : कुणा शहाण्यानं ठरवली?

बाई : मीच.

मास्तर : हं.

बाई : पोलिसांकडे गेला होतात?

मास्तर : निघालो होतो. कोपऱ्यावर आठवलं, चष्मा घरीच राहिला. परत आलो, चष्मा लावून पुन्हा वाचलं.

बाई : मग?

मास्तर : चौथ्या ओळीत 'पराभव' हा शब्दच चुकीचा लिहिलाय. स्वल्पविराम तर औषधालाही नाही. लोक म्हणतील, हिटलरच्या विरोधात सगळे अडाणीच.

बाई : दाराची घंटा वाजली. डाहल्के, गल्लीतला पक्षाचा माणूस. माझी मान तुमच्या हातात आहे, मास्तर.

डाहल्के : हाइल हिटलर! काय मास्तर, पुडक्यात काय?

मास्तर : शुद्धलेखनाच्या चुका. तक्रार घेऊन आलोय. बस इथे, डाहल्के. एक कागद देतो, किती सापडतात बघू.

डाहल्के : आत्ता? नको, नको... घाईत आहे. बाई, मास्तरांना बदलून द्या काय ते!

बाई : देते हं.

मास्तर : पळाला. पाचवीतही असाच पळायचा.

बाई : ठेवा ते पुडकं इथे, आणि विसरून जा.

मास्तर : विसरून कसं जाऊ? चाळीसही कागद तपासलेत. लाल शाईनं.

बाई : अहो, तुमचं अक्षर अर्धं शहर ओळखतं!

मास्तर : डाव्या हातानं तपासले. म्हणून तर चार दिवस लागले.

बाई : ...तिसरा खंड खरंच निघालेला नाही हो, मास्तर. हिवाळ्यात माश्या जगतात की नाही, ते...

मास्तर : पेटी उघडल्यावरच कळेल. तोवर पुढचा खंड छापायच्या आधी मला दाखवत जा.