राउटरची विचारपूस

सांगा भाऊ, यंत्र अडलं की भरवसा कोणावर ठेवायचा, यंत्रावर की माणसांवर?

राजपुऱ्याची पेढी आणि खकनारचं गोदाम आम्ही नुकतंच एका नेटवर्कवर जोडलं होतं. केळीचा ट्रक भर उन्हात पेढीच्या दारात उभा आणि पेढीतला राउटर सारखा अडकत होता, त्यामुळे माल रवाना करायला लागणारं सरकारी ई-वे बिल निघेना.

ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, माल पिकायला लागला. दिल्लीला काय शिकरण घेऊन जाऊ?"

मी लगेच फोन लावला. नेटवर्कवाल्या सलीमभाईंनी येऊन तपासलं. "शेठ, खकनारचे मुनीमजी कॉम्प्युटरवरून दर क्षणाला या राउटरला विचारतात, चालू आहेस ना? बिचारा जवाब देऊन देऊनच थकला. बिल कधी पाठवणार?"

त्यांनी असल्या चौकशांवर मर्यादा घातली. थोड्यांना उत्तर द्यायचं, बाकीच्या सोडून द्यायच्या. लगेच बिल निघालं, ट्रक हलला.

तेवढ्यात खकनारहून मुनीमजींचा घाबराघुबरा फोन आला. "शेठ, घात झाला! राउटर ओ देत नाही!"

"अहो, तो कामाला लागलाय!"

म्हणून विनंती करतो भाऊ, तुमचा माल कधी अडून नासला तर हिशेब इमानदारीनं लिहा. आपल्या माणसांची घाबरगुंडी मशीनच्या नावावर टाकू नका.