दत्ताभाऊंची अर्धी शाल

बसा, सगळे बसून घ्या. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत या, सतरंजीवर जागा आहे. एकच पंखा चालू आहे, तेवढं सांभाळून घ्या.

खरं तर मी नाहीच म्हटलं होतं. मला सभेत बोलायची सवय नाही. पण भाऊंची मुलगी, ही मनीषा, मला म्हणाली, "मावशी, डेपोतले काका बाबांच्या नोकरीबद्दल बोलतील, काशिनाथकाका गावाकडचं बोलतील. पण रिटायर झाल्यावर बाबा दुपारी कुठं बसायचे ते तुम्हालाच ठाऊक. ते कोण सांगणार?" म्हणून उभी राहिले.

मी वैशाली. भाऊंच्या समोरच्या दारात राहते. आणि इथे देवळाच्या याच हॉलमध्ये आम्हा बायकांचा विणकामाचा गट बसतो, त्यातली एक. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसेल, पण आपले दत्ताभाऊ त्या गटात होते. एकटेच पुरुष. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस आमच्यात मांडी घालून स्वेटर विणायचा.

हसू येतं ना? आम्हालाही आलं होतं.

त्यांच्या आधी गटात होत्या त्या भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी. इथे समोर खुर्चीत बसल्यात. वहिनी, तुमच्यासमोर हे बोलतेय, चालेल ना? वहिनींसारखं विणणारी या भागात दुसरी मी पाहिली नाही. भिवंडीत थंडी ती केवढी! कपाटातला स्वेटर बाहेर काढेपर्यंत संपते. मी विचारायचे, "वहिनी, हे घालणार कोण?" त्या म्हणायच्या, "थंडी पडत नाही म्हणून हात बांधून बसू का?" दर वर्षी त्या काहीतरी मोठं काढायच्या. एका वर्षी लेकीच्या पलंगाची चादर, एका वर्षी जाळीची शाल. शेवटी काढला तो भाऊंचा स्वेटर. पूर्ण बाह्यांचा, राखाडी. तो झाला की दोघांनी सिमल्याला जायचं, असं ठरलं होतं. भाऊ त्याआधी कधी थंडीच्या गावाला गेले नव्हते.

पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. आणि वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, "बरं."

तुम्ही त्यांच्या घरी गेला असाल तर ऐकलं असेल. पाणी हवं असलं तरी "बरं", नको असलं तरी "बरं". दुखतंय तरी "बरं". डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त तोंडातून तोच शब्द येतो. विचार करा, काय होत असेल त्या जिवाचं? आणि काय होत असेल ऐकणाऱ्याचं? सुरुवातीला भाऊ फार चिडायचे. एकदा जिन्यात येऊन बसले आणि रडले. म्हणाले, "वैशाली, तिला काय हाय ते मला कळत न्हाय. एवढी वर्षं संसार केला न् मला कळत न्हाय."

मग एका दुपारी ते इथे आले. हातात वहिनींची पिशवी. त्यात तो स्वेटर, दुसऱ्या बाहीचे टाके सुईवर तसेच. म्हणाले, "मला शिकवा."

आम्ही शिकवलं. सुलट टाका, उलट टाका. ग्रीसची बोटं, सुई धरायची पान्यासारखी. लोकर इतकी ओढायचे की वीण पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची. विणलेलं घरी नेऊन वहिनींना दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं उसवून परत यायचे. मी म्हणायचे, "अहो, चांगलं झालं होतं की!" तर म्हणायचे, "ती न्हाय म्हनाली." मी म्हणायचे, "वहिनी नाही म्हणतात कुठे?" त्यावर म्हणायचे, "बरं म्हनाली, पन ते न्हायवालं बरं हाय."

मंडळी, त्या बाहीनं त्यांना वहिनींची भाषा शिकवली. उसवता उसवता, विणता विणता. कुठलं बरं होकाराचं, कुठलं नकाराचं, कुठलं "आता पुरे, मला झोपू दे" असं सांगणारं. आम्ही शेजारी बसून ऐकायचो, आम्हाला सगळी सारखीच वाटायची. त्यांना वेगळी ऐकू यायची.

बाही झाली. स्वेटर झाला. सिमला काही झालं नाही, वहिनींना एवढ्या लांब न्यायचं कसं? तो स्वेटर कपाटात गेला. भाऊंनी अंगावरही घालून पाहिला नाही. म्हणाले, आता तिच्यासाठी एक शाल करतो, माझ्या हातची, पहिल्या टाक्यापासून.

लोकर आणायला मी बरोबर गेले होते. धामणकर नाक्याजवळचं ते लोकरीचं छोटं दुकान. वहिनींना दुकानाची पायरी चढता येत नव्हती, म्हणून त्यांना रिक्षातच बसवलं होतं. भाऊ एकेक रंग हातात घेऊन बाहेर यायचे, रिक्षात वाकून दाखवायचे, परत आत जायचे. मागे हॉर्नवर हॉर्न. रिक्षावाला ओरडतोय, "चाचा, जल्दी करो, पीछे ट्रक खडा है!" भाऊ ढिम्म. वहिनी प्रत्येक रंगाला "बरं". मी म्हटलं, "भाऊ, हा आवडला त्यांना." "न्हाय." "मग हा?" "ह्योबी न्हाय." मग डाळिंबी रंग आणला. वहिनी म्हणाल्या, "बरं." भाऊ आत वळून दुकानदाराला म्हणाले, "हा बांधा." मला तर काही फरक कळला नव्हता. पण वहिनींचा चेहरा पाहिला, त्यांना हवा होता तो हाच.

शाल अर्ध्याच्या पुढे गेली आणि लोकर कमी पडणार असं दिसायला लागलं. विणणाऱ्या बायकांना माहीत आहे, एकाच रंगाची लोकर पुन्हा घेतली तरी दोन लॉटमध्ये थोडा फरक पडतो. मी म्हटलं, "भाऊ, घ्या दुसऱ्या लॉटची. शाल तर आहे, कोणाला कळणार?" ते म्हणाले, "तिला कळंल." दुकानदाराला फोन केला. त्यानं शोधून सांगितलं, "दादा, उसी लॉट का थोडा बचा है, ले जाओ." गेल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, वहिनींना चहा पाजून भाऊ ती आणायला गेले. माझ्या दाराशी थांबून म्हणाले, "जरा तिच्याकडं लक्ष ठेव, हा आलोच."

नाक्यावर एक टेम्पो रिव्हर्समध्ये मागे येत होता. भाऊ रस्ता ओलांडत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी ते सांगणार नाही.

हवालदारांनी काशिनाथकाकांच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात बटाटे, वहिनींच्या गोळ्या आणि डाळिंबी लोकर होती.

वहिनींना सांगायचं कोणी? मनीषा वसईहून अजून वाटेतच होती. मी घरात होते, म्हणून मी सांगितलं. त्यांच्यासमोर खाली बसले, डावा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, आपले भाऊ गेले."

त्या म्हणाल्या, "बरं."

मंडळी, मी माझ्या आईचं मरण पाहिलं आहे. मोठ्या भावाचं पाहिलं आहे. पण त्या एका शब्दासारखं मी काही ऐकलेलं नाही. त्या म्हणतच राहिल्या. हळू, मग मोठ्यानं, मग ओरडून. जिन्यातून लोक वर आले. कोणीतरी माझ्यामागे म्हणालं, "हिला समजलेलं दिसत नाही." समजलं नव्हतं? त्यांना सगळं समजलं होतं. समजत आम्हाला नव्हतं.

दुपारनंतर सरकारी दवाखान्यातून भाऊंना घरी आणलं. ऊन असं की जमिनीवर पाय ठरत नव्हता. वहिनींनी डावा हात कपाटाकडे करून पुन्हा सुरू केलं, "बरं, बरं, बरं." आम्ही पाणी दिलं. गोळी दिली. पांघरूण काढून दिलं. त्या हात झटकत होत्या. शेवटी मनीषानं कपाट पूर्ण उघडलं आणि एकेक वस्तू त्यांच्यासमोर धरली. राखाडी स्वेटर हातात आला तेव्हा त्या गप्प झाल्या.

काशिनाथकाका म्हणाले, "वैनी, एवढ्या उनात सेटर? लोक काय म्हनतील?" काका, तुम्ही असं म्हणालात खरं, पण लगेच स्वतःच पुढे झालात. धाकट्या भावाचा हात तुम्हीच उचललात, बाहीत घातलात. एक बाही वहिनींची, एक भाऊंची. मापाला अगदी बरोबर बसला. तसेच गेले ते, पहिल्यांदा स्वेटर घालून.

आता एकच राहिलं, ते सांगते आणि बसते.

परवा आम्ही गटातल्या बायका वहिनींकडे गेलो. शाल बरोबर होती, त्या दिवशीची लोकरही होती. आमचं ठरलं होतं, आपण सगळ्या मिळून ती पुरी करू. भाऊंना बरं वाटेल, वहिनींना पांघरता येईल. मी विचारलं, "वहिनी, शाल आम्ही पुरी करू का?"

"बरं."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हो की नाही? पुन्हा विचारलं. पुन्हा "बरं." आम्ही नऊ-दहा जणी तिथे बसलो होतो आणि एकीलाही सांगता येईना. ज्याला सांगता आलं असतं तो नव्हता. भाऊ गेले म्हणजे काय गेलं, ते मला त्या क्षणी कळलं.

मी शाल उचलायला हात पुढे केला. तेव्हा वहिनींनी डाव्या हाताची मूठ शालीवर अशी आवळली की सुईचं टोक तळव्यात रुतलं. सोडवेना. मनीषा म्हणाली, "राहू द्या मावशी. आई नाही म्हणते." ती शाल आता कोणी पुरी करणार नाही. आम्ही पुन्हा विचारणारही नाही.

मनीषा, रविवारी तू आईला वसईला घेऊन जाणार आहेस. तुला सुरुवातीला काही कळणार नाही. तू चिडशील, जिन्यात जाऊन रडशील. तुझ्या बाबांनाही लगेच जमलं नव्हतं. पण परवा एक "नाही" तुला ऐकू आलं, ते मी पाहिलं. फोन कर मला. दुपारी मी घरीच असते.

अशा सभेत आपण उभं राहून श्रद्धांजली वाहतो. पण वहिनींना उभं राहता येत नाही. त्या बसलेल्या आणि त्यांच्याभोवती आपण सगळे उभे, ते मला बघवणार नाही. म्हणून आज कोणी उठू नका. आहात तिथेच बसा, डोळे मिटा, आणि थोडा वेळ दत्ताभाऊंसाठी गप्प राहू या.

भाऊ, तुम्हाला नमस्कार.