गुपित फुटल्यावरची गर्दी

केस लावून देणाऱ्या दवाखान्यात मी माझ्या नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी दाट केसांचे एक गृहस्थ तावातावाने बोलत होते आणि पूर्ण टक्कल पडलेले दुसरे ऐकत होते.

“अहो, यांच्या कॉम्प्युटरमधून सगळ्या पेशंटची नावं चोरीला गेली आणि गावभर झाली! आता कोण यांचं तोंड बघणार?”

“मग आज बसायला जागा का नाही?”

“तक्रारीला आले असतील सगळे. मी त्यासाठीच आलोय.”

“मी नाही हो. त्या नावांत आमचे मोठे साहेब निघाले. रोज त्यांच्यासमोर उभा राहून बोलणी खातो, पण कधी शंकासुद्धा आली नाही. म्हटलं, काम चोख दिसतंय.”

“काम गेलं खड्ड्यात! लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा?”

“ते खरंच. पण तुम्ही एवढे का चिडलाय?”

“माझंही नाव आहे त्यात!”

“काय सांगता! म्हणजे हे केस... जरा मान वळवता का? अरे वा!”

“हात नका लावू.”

“राहिलं. डॉक्टर कोणते होते?”

“ते सोडा हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला पत्ता नव्हता. आता तिलाही कळलं.”

“भडकल्या असतील.”

“बोलणंच टाकलं होतं. आज सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, भांडायला चाललाच आहात, तर आमच्या दादालाही दाखवून आणा. ते काय, कोपऱ्यात टोपी घालून बसलेत.”