वार कोणाच्या घरची

— नाई वं प्रयागबाई, परत घ्याले मले काय आहे? खणाची घडी मोडली नाई, चिठ्ठी तशीच लागून आहे, काटोलवरून बसमध्ये उभी राहून आली तू, मी काय नाई म्हणणार आहे का? पण आधी बस. इथं, पंख्याखाली, फॉलच्या गठ्ठ्यावर बसली तरी चालते, सारेच बसतात. अख्ख्या सीताबर्डीत गिऱ्हाइकाले बस म्हणणारं दुकान एकच, ते ह्या शोभाताईचं मॅचिंग सेंटर. — मले फक्त एवढं सांग, हा खण परत काहून? चोरचोळीचा न हा? तिसरा महिना लागला का सुनेले गुपचूप द्याचा म्हणून मीच तं काढून देल्ला होता आतल्या कपाटातून. पोपटी नको, चुड्यासारखा हिरवा दे म्हणे तू. — हं. माहीत आहे मले. श्वेताचं पोट पडलं. कोणी सांगितलं काय विचारते? बर्डीवर बसलेल्या बाईले सारं कळते. लोकायच्या घरी लग्न ठरलं हे घरच्यायच्या आधी मले समजते, ब्लाउजपीसच्या भावावरून!

अन् हेही समजलं मले, का श्वेता उमरेडले माहेरी जाऊन बसली अन् तू तिच्याशी बोलत नाई. बोलू नको, बोलू नको, माहं आयक. पपई खाल्ली म्हणते न? स्कूटीवर बाजारात गेली म्हणते न? अवं, आपल्या सासवायनं आपल्याले विहिरीचं पाणी ओढाले लावलं, कापूस वेचाले लावला, तरी आपण कशा टपाटप बाळंत झालो! पपईत एवढा दम असता तं सरकारनं बायायची ऑपरेशनं काहून केली असती? पपयाच वाटल्या असत्या रेशनवर, माणशी दोन. — हसू नाई येत तं नको हसू. पण पपईचं काढून टाक डोक्यातून. माह्याकडे एक डॉक्टरीण येते, गिऱ्हाईक आहे, सुती साड्यायची भारी शौकीन — तिनं मले सारं समजावून सांगितलं.

मले सांग, वार कोणाची असते? लेकरामागून पडते ती वार — कोणाची? बाईची न? मलेही साठीपर्यंत तसंच वाटलं. दोन बाळंतपणं झाली माही, दोन्ही खेपेले सासूनं वार मडक्यात घालून न्हाणीपाशी पुरली, वरून मले गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, अन् माह्या मनात एकदाही आलं नाई का हे सामान आहे कोणाचं! डॉक्टरीण म्हणे, वार सारी आईची नसतेच. लेकराची असते. लेकरू येते तेच आपला मांडव सोबत घेऊन येते. अन् लेकरू अर्धं कोणाचं? — हाव. तुह्या जितेंद्रचं. म्हणजे वार अर्धी तुह्या खानदानाची निघाली, बाई! मंग आता? आता कोणाले माहेरी पाठवते?

पुढचं तं आयक. ती वार आईच्या पोटातल्या भिंतीत मुळ्या घालाले जाते. तिथं आईचे पहारेकरी उभे असतात — पेशी म्हणतात त्यायले, डोळ्याले न दिसणाऱ्या. त्यायच्या अंगावर रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे काय, हे विचारून विचारून मी डॉक्टरणीचं डोकं खाल्लं. शेवटी तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं आमाले — आमाले म्हणजे मले. तं रिसेप्टर म्हणजे समज, माह्यासारखी मॅचिंगवाली. तू साडीचा पदर पुढे करते, मी बोटानं चाचपते, मंगच कपाट उघडते, का नाई? तशी ती पेशी वारेचा पदर चाचपते, अन् त्या पदरात अर्धे धागे बापाचे. जमलं तं तेच पहारेकरी रक्ताच्या नळ्या रुंद करून देतात — या बसा, चहा घ्या. नाई जमलं तं वार वरच्यावर राहते, मुळी खोल जात नाई, अन् कधी कधी सुटते. नेहमी हेच कारण असं नाई बरं! डॉक्टरीण म्हणे बहुतेक वेळा लेकराचं कटिंगच सुरुवातीले चुकलेलं असते, त्यात कोणाचाच हात नाई. अन् ह्या रिसेप्टरचं तं शोधूनच राहिले अजून, त्यायलेही सारं कळलं नाई. पण पपई त्यात कुठंच नाई. मी दोनदा विचारलं.

— चहा सांगू? नाई? बरं. तुले एक गोष्ट सांगते. मागं एक वकिलीणबाई आली होती तावातावानं. म्हणे, तुमच्या अस्तरानं रंग सोडला, माही एवढी भारी साडी नासली. मी म्हटलं, ताई, थांबा. चहाचे दोन गंज घेतले, त्यात पाणी घातलं, एकात तिचं अस्तर अन् एकात साडीचा कोपरा. अस्तराचं पाणी कसं, पिऊन घ्यावं असं! अन् साडीचं? बीटाचा रस! तिचं तोंड पाहासारखं झालं होतं. एवढी वर्षं गल्ल्यावर बसली मी, प्रयागबाई, पण साडीवर शक घेऊन एकही बाई आली नाई. जी येते ती अस्तर घेऊनच येते. काहून? साडी घरची न, भारीची न! अस्तर काय, बाहेरून आणलेलं. — सून काय अस्तर आहे का वं?

म्हणून म्हणते, जितेंद्रले पाठव एकदा. भेते तो तुले. आई काय म्हणन, आई काय म्हणन — मिशा आल्या तरी आई काय म्हणन! कोणाचा दोष काढाले नाई पाठवाचं, नुसतं रक्त द्याचं आहे. डॉक्टरीण म्हणे एकदा झालं तं तेवढं नाई, पण हे दुसऱ्यांदा झालं म्हणजे दोघायचीही तपासणी —

— दुसऱ्यांदा म्हणजे, कोणाचंही. जगाचं बोलून राहिली मी. — असं पाहू नको माह्याकडे. — अवं, तोंड आहे, चालते, दिवसभर गिऱ्हाइकायशी बोलून बोलून — बरं. बरं, गेली होती मी तिच्यासोबत. ती डॉक्टरीण माही गिऱ्हाईक-बिऱ्हाईक नाई, पंजाबी ड्रेस घालते ती. श्वेता उमरेडवरून आली होती, इथंच बसली, तू बसली तिथं, अन् चेहरा असा का मी शटर पाडलं अन् तिले ऑटोत घातलं. दवाखान्यात विचारलं, पहिलीच खेप का? मी म्हटलं हाव. पोट्टी म्हणे, नाई, दुसरी. मले तिथंच कळलं. तुह्यापासून हे लपवाचं म्हणून शपथ घातली होती तिनं मले, अन् मी — आता तू मले शिव्या दे, तिले नको देऊ. घराबाहेर नको काढू तिले.

— काय? — काढली नाई? तीच गेली? — अन् पपईचं? शेजारीण बोलली? मंग तू काहून नाई बोलत तिच्याशी? — हं. — हं. — दुसऱ्याच महिन्यात देल्ला? हा खण? तिसरा लागाची वाटही नाई पाहिली? — म्हणून तुले वाटते तुह्या हातानं झालं. म्हणून हा घरात नको, म्हणून सुनेपुढं तोंड उचलत नाई. — अरे देवा. अन् मी मघापासून तुलेच साडी-अस्तर शिकवून राहिली. अवं येडे, खणानं काही होत असते का? जशी पपई तसा खण. तुह्या हातात काही —

— काय म्हणते? जोरानं बोल, पंख्याचा आवाज आहे. — पहिल्या खेपेले? — ते दिवाळीनंतर. तू भाचीच्या लग्नाले वर्ध्याले गेली होती न, तवा. — नाई, जितेंद्र मौद्याले ड्युटीवर होता. — नाई वं. कोणीच नव्हतं. न्हाणीत होती म्हणे. एकटीच. चादर तिनंच धुतली. अन् दुसऱ्या दिवशी तू आली, तं तुह्यासाठी गरम पोहे करून ठेवले होते.

— प्रयागबाई.

— चप्पल तं घाल. — उमरेडची गाडी आहे आता, भेटन. — जा. मी नाई फोन करत तिले, तूच जा.

— ओ ताई, उद्या या. — हाव, दिसते मले दुकान उघडं आहे. उद्या या.