कपडा न फाटता लागलेल्या सुऱ्याबाबत

नाव : चिमटी. सगळे याच नावाने हाक मारतात.
वय : अठरा. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे एकोणीस.
व्यवसाय : चोरी. (आधी "बेकार" असे लिहिले होते. जबाब देणारीने हरकत घेतल्यावरून खोडले.)
राहणार : लोहारगल्ली, भंगारवाल्याच्या दुकानावरची खोली, मागचा जिना.

मी आपल्या पायांनी चौकीत येऊन, कोणी धाक न दाखवता, विचारलेले आणि न विचारलेलेही सांगते ते असे :

वरील पत्त्यावर मी व माझी मोठी बहीण (पुढे जिथे ताई म्हटले आहे ती हीच) अशा दोघी राहतो. आईवडील नाहीत. आम्हाला आत्याने वाढवले. आत्या तीन वर्षांपूर्वी वारली. ताई शिंप्याकडे काज-बटणाचे काम करते. मी वयाच्या आठव्या वर्षापासून चोरी करते व आजवर एकदाही पकडले गेलेले नाही. आजही मला कोणी पकडून आणलेले नाही, हे स्पष्ट लिहावे.

बाजारात आम्ही तिघे असतो. एकाने गिऱ्हाइकाला धक्का द्यायचा. ते काम भोपळा करतो. त्याचे अंग तसेच आहे आणि धक्का दिल्यावर माफी इतकी गोड मागतो की लोक त्यालाच सावरायला जातात. दुसऱ्याने दोन बोटांनी माल काढायचा. ती मी. तिसऱ्याने माल घेऊन चालू लागायचे. त्याला आम्ही पिशवी म्हणतो. माझी पिशवी पहिल्यापासून ताई. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासाठी बाजारात येते.

काढलेला माल अंगावर क्षणभरही ठेवायचा नसतो. उजव्या हाताने काढायचा, डाव्यात घ्यायचा आणि डावा हात मागे न्यायचा. वळून बघायचे नाही. पिशवी डाव्या अंगाला दीड पाऊल मागे उभी असते, ती हातातून घेते. वळून बघणारा चोर हमखास सापडतो, म्हणून आत्याने माझ्या मानेवर पट्टी मारून मारून हे शिकवले. आता कामावर असताना मान वळवायची म्हटले तरी वळत नाही.

माझी बोटे नुसती पाकिटे काढत नाहीत. माणसाच्या अंगावर किंवा अंगात जे असेल ते मला काढता येते. उचकी, दातदुखी, ताप, जखम. ही विद्या आत्याची. इथे साहेब हसले व "लिहा, लिहा, कादंबरी होईल" असे म्हणाले. लिहिणारे हवालदार हसले नाहीत. त्यांची आई दाढ दुखली की आत्याकडे यायची.

काढलेले कुठे तरी ठेवावे लागते. भिंतीला, मातीला ते चिकटत नाही. त्याला जिवंत माणूसच लागतो. मूठ मिटलेली आहे तोवर ते मुठीत राहते. मूठ सुटली की हाताला ज्याचा हात लागलेला असेल त्याच्या अंगात जाते. कोणीच नसेल तर आपल्या. आत्या गल्लीतल्या दातदुख्या काढून आमच्या घरमालकाला द्यायची. त्याने शेवटी कंटाळून सगळे दात काढून घेतले, पण भाडेकरूंना त्रास द्यायचे सोडले नाही. शेवटी आत्याने एका ओल्या बाळंतिणीचा ताप काढला. तो कोणाला द्यायचा हे तिचे ठरेना. दोन दिवस तिने मूठ मिटून ठेवली. तिसऱ्या दिवशी तिचा डोळा लागला.

मालधक्क्यावरच्या मुकादमांना माझ्या बोटांची खबर दोन वर्षांपूर्वी लागली. तेव्हापासून त्यांच्या माणसांच्या मारामाऱ्या असल्या की मला बोलावणे येते. त्यांच्या भाच्याच्या पाठीमागे उभे राहायचे, त्याला लागेल ते काढायचे आणि समोरच्या माणसाच्या अंगात घालायचे. भाचा मरत नाही असा त्यामुळे बोलबाला झाला. आजच्या आधी मी हे चार वेळा केले. एक तुटलेला कान, तीन मोडलेल्या बरगड्या, मांडीत घुसलेला हमाली हुक एवढे मी लोकांना दिले. चौथ्या वेळी भाच्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. ती मी ज्याला दिली तो हमाल आधीच खाली पडलेला होता. पडलेला काय आणि मेलेला काय, असे मला त्या वेळी वाटले. त्याच्या पायात कोऱ्या चपला होत्या. याबद्दल मला कोणी विचारलेले नाही, पण तो मीच मारला.

त्या दिवशी माझे कपडे ताईने धुतले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आपण इथून जाऊ." तिच्या शिंप्याच्या भावाचे दुसऱ्या गावी दुकान आहे, तिथे तिला काम मिळणार आणि मला काज शिकवणार असे ठरले. येत्या शुक्रवारच्या गाडीने निघायचे होते.

सोमवारी मुकादमांनी मला बोलावून घेतले. टेबलाच्या पलीकडून बोलले. माझी बोटे माहीत असल्याने ते मला हातभर अंतराच्या आत कधी येऊ देत नाहीत आणि दोन माणसे कायम बाजूला ठेवतात. म्हणाले, "शुक्रवारी खुशाल जा. बुधवारचं तेवढं निस्तरून जा. काज करायला दहाही बोटं लागतात ना गं तुझ्या ताईला?" मी हो म्हणून आले.

ताईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मी येणार."

"तिथं पिशवीचं काम नसतं. तू येऊन काय करशील?"

"दहा वर्षं तुझ्या मागे उभी आहे. आणखी एक दिवस उभी राहीन. निदान तू परत आलीस हे तरी बघेन."

मी पुष्कळ भांडले. तिच्यापुढे माझे कधीच चालत नाही.

आज बुधवार रोजी सकाळी साडेअकरा वाजता मी, ताई व भोपळा मालधक्क्यावरच्या दोन नंबरच्या गोदामात गेलो. आत सिमेंटच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या. मुकादमांकडचे पाच जण, त्यांच्या विरुद्ध वजनकाट्यावाल्यांचे सात. भांडण धक्क्यावर कोणाची गाडी आधी लागणार याचे होते. मुकादम समोरच्या कचेरीत बसले होते. मारामारीच्या जागी ते कधी येत नाहीत. दार बाहेरून लावण्यात आले.

पावणेबाराला सुरुवात झाली. भाच्याच्या खांद्यात हुक बसला. तो मी काढला आणि ज्याने मारला त्यालाच दिला. आपला खांदा कशाने फाटला हे त्याला कळले नाही, तो हातातल्या हुकाकडे बघत राहिला. नंतर लोखंडी पहारीने भाच्याचा जबडा मोडला. तोही दिला. ज्याला दिला त्याचे दात पोत्यांवर सांडले. आमच्यातल्या एकाचे बोट तुटून माझ्या पायाशी पडले. ते माझे काम नसल्याने मी तसेच राहू दिले. सिमेंट आणि रक्त मिळून पायाखाली राड झाली होती व सगळे घसरत होते. कोण कोणाला मारतो आहे हे शेवटी शेवटी त्यांनाही कळत नसावे.

काट्यावाल्यांकडे एक उंच माणूस आहे. त्याला रंधा म्हणतात. का म्हणतात ते त्याच्या हातचे लोक बघितले की कळते. त्याने भाच्याच्या बेंबीखाली सुरा मुठीपर्यंत घातला, फिरवला, ओढून काढला आणि उडी मारून लांब गेला. भाचा उभ्या जागी वाकला. मी पाठीमागून हात घालून जखम काढली.

आजवर प्रत्येक वेळी समोरचा माणूस हाताशी असायचा. या वेळी समोर कोणी नव्हते. माल उजव्यातून डाव्यात आला आणि डावा हात मागे गेला. मी तो नेला नाही, तो गेला. दीड पाऊल मागे ताई उभी होती. तिनेही हात पुढे केला. तिलाही सवय होती.

हात मोकळा झाला. माल गेल्यावर दर वेळी वाटते तसे मला हलके वाटले. मी वळून बघितले नाही. पुढचे कोण अंगावर येते ते बघत होते. तेवढ्यात मागून "अगं" असे ऐकू आले. कामावर असताना ताई मला कधी हाक मारत नाही. मी वळले.

ताई पोत्यांना टेकून खाली बसली होती. दोन्ही हात पोटावर होते व बोटांमधून रक्त येत होते. तिने हात बाजूला करून बघितले. कपड्याचा एक धागाही तुटला नव्हता. ती मला म्हणाली, "कपडा नाही फाटला बघ." मी माझ्या डाव्या हाताकडे बघितले. तेव्हा तिने माझ्याकडे बघितले आणि तिला समजले. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

जखम परत काढायला मला वेळ लागला. असे पूर्वी कधी झालेले नाही. काढली तेव्हा ती डाव्या मुठीत घेतली व मूठ मिटली. जखम निघाली तरी गेलेले रक्त परत येत नाही. ताई शुद्धीवर नव्हती. भोपळ्याने दार खांद्याने फोडले, तिला उचलले आणि दवाखान्याच्या दिशेने पळाला. तो पळतो हे मी पहिल्यांदाच बघितले.

सुरा मुळात भाच्याला लागलेला होता, म्हणून मी मूठ घेऊन त्याच्याकडे गेले. तो पोत्यांवर बसून फाटलेल्या शर्टातून स्वतःचे धड पोट चाचपत होता. मला बघून त्याने माझे पाय धरले आणि ओकला. म्हणाला, "मामा म्हणतो, तुला काय, तुला लागतच नाही. दुखतं गं. तू काढेपर्यंत सगळं दुखतं." दोन वर्षांत त्याने हे मला सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. त्याला मी सोडून दिले.

ताई पडल्याबरोबर मुकादमांचा एक माणूस खिडकीतून पळाला होता. त्याने कचेरीत जाऊन चिमटीने जखम बहिणीलाच दिली, ती मेली, असे सांगितले. मी जखम परत काढली हे त्याने बघितले नाही. मी बहिणीला भांडणातून सुरा मारला अशी फिर्याद द्यायला मुकादम निघाल्याचे मला धक्क्यावरच कळले. मी पळून जाऊ शकत होते. पण फिर्याद त्यांना स्वतः येऊन द्यावी लागणार आणि चौकीत कोणी आपली माणसे घेऊन बसत नाही, हे माझ्या लक्षात आले. म्हणून मी त्यांच्या आधी इथे आले.

सव्वादोन वाजता भोपळा या खिडकीशी येऊन सांगून गेला की ताईने डोळे उघडले, पाणी मागितले, आणि अंगावर जखम नसताना एवढे रक्त गेले कुठून म्हणून डॉक्टर चक्रावले आहेत. हे ऐकून मी रडले. साहेबांनी तिथे "आरोपीस पश्चात्ताप झाला" असे लिहायला सांगितले. तो पश्चात्ताप नव्हता, मला आनंद झाला होता. ते वाक्य खोडावे. (खोडले.)

चौकीत लोक जीव मुठीत धरून येतात. मी मरण धरून आले आहे. बारा वाजल्यापासून मूठ मिटलेली आहे व बोटांना मुंग्या आल्या आहेत. आपल्याच अंगात जाऊ द्यावे असे मी वाटेत दोनदा ठरवले. पण मग ताई शुक्रवारी कोणाबरोबर जाणार? तिला एकटीला गाडीत झोप येत नाही. मला तिच्याबरोबर जायचे आहे. मला तिच्याकडून काज शिकायचे आहेत. एवढेच मला पाहिजे आहे.

हवालदारांनी सर्व जबाब मला सावकाश, दार लोटून वाचून दाखवला. मी बोलले तेच उतरले आहे, कमी नाही की जास्त नाही. वाचन चालू असताना साहेब चहाला उठून गेले होते. परत आल्यावर "झालं का एकदाचं" असे म्हणाले.

मला लिहिता येत नाही. उजवा हात बाकाला बेडीने बांधलेला आहे. तो बांधायला मुकादमांनी आल्या आल्या सांगितले. डाव्याबद्दल ते काही बोलले नाहीत. तेव्हा डाव्या हाताचा अंगठा घेण्याचे ठरले. अंगठा देणारीला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाने तो धरून कागदावर टेकवावा लागतो, असे साहेब म्हणतात. मुकादम बाहेरच्या खोलीत बसले आहेत व ते या कामाला आनंदाने तयार आहेत. माझी काही हरकत नाही. मूठ आखडलेली असल्याने एक एक बोट त्यांनाच सोडवावे लागेल, हे मी साहेबांच्या समक्ष आधी सांगून ठेवते.

निशाणी : डाव्या हाताचा अंगठा. घेतला.
लिहिणार : हवालदार. सही केली.
अंगठा ओळखणार : मुकादम, मालधक्का. सही घेता आली नाही.