मागची गाडी

ताई : काका, उजवीकडे नाही, डावीकडे! बाण डावीकडे दाखवतोय.

काका : दिसतोय बाण. गुडघा गेलाय, डोळे शाबूत आहेत.

ताई : मग वळा ना! यंदा शर्यतीचा रस्ता बदललाय. बागेमागून जायचंय.

काका : तुम्ही जा बागेमागून. मी दरवर्षीच्याच रस्त्याने जाणार.

ताई : अहो, सगळ्यांत शेवटचे तुम्ही आणि तुमच्या मागे माझी गाडी. दमलेल्यांना आत घ्यायचं आणि मागचा रस्ता मोकळा करत जायचं, हे माझं काम. तुम्ही भलतीकडे वळलात तर मी काय करू?

काका : बाकीच्यांच्या मागे जा.

ताई : बाकीचे केव्हाच पोचले. आंघोळी करून झोपलेही असतील.

काका : मग तूही घरी जा, पोरी. सकाळपासून माझ्या मागे रांगतेयस.

ताई : तुम्ही असे लंगडताय आणि मी घरी जाऊ? इकडची वाहतूक बंद केलेली नाही. एखादा ट्रक येईल अंगावर. बसा आत.

काका : कोपऱ्यावरच्या त्या शुश्रूषागृहापर्यंत जाऊ दे. मग बसतो. शब्द देतो.

ताई : बरं. पण मग छातीवरचा नंबर काढून द्या. मार्ग सोडला की नंबर परत घ्यायचा, असा नियम आहे.

काका : नंबर नको ना घेऊस. त्याच्याशिवाय ती मला ओळखणार नाही.

ताई : कोण ती?

काका : बायको. तिथे तळमजल्यावर असते. रस्त्याकडचीच खोली मागून घेतली होती, शर्यत खिडकीसमोरून जायची म्हणून.

ताई : आणि नंबर लावल्याशिवाय ओळखत नाहीत?

काका : नाही. रोज चार वाजता जातो. ‘पंखा दुरुस्त करायला आलात का?’ म्हणून विचारते. एकदा केलाही मी दुरुस्त. म्हणाली, काम बरं करता, पण बोलता फार.

ताई : अरे देवा! माफ करा हं, हसू आलं.

काका : हस की. मीही हसलो होतो. फाटकाबाहेर येईपर्यंत.

ताई : मग शर्यतीच्या दिवशी?

काका : गेल्या वर्षी असाच पळत आलो. हीच टोपी, असाच नंबर. तर खिडकीतून ओरडली, ‘अहो, पाय उचला! मी काय रात्रीपर्यंत उभी राहू?’ वर्षभरात तेवढंच एक ‘अहो’ मिळालं मला.

ताई : मग आजही मिळेल.

काका : थंडीपासून फार खालावलीय. चमचा कसा धरायचा तेसुद्धा हातात हात घेऊन दाखवावं लागतं. डॉक्टर म्हणतात, आशा ठेवू नका.

ताई : आणि तुम्ही ठेवलीत.

काका : छे. मी फक्त पळतोय.

ताई : असू दे नंबर तुमच्याकडेच. मी गाडी त्या झाडापाशी उभी करते. जा, बोला निवांत.

(शुश्रूषागृहाची उघडी खिडकी. काका धापा टाकत येतात.)

ती : शाबास आजोबा! या वयात! थांबू नका, पळा, पळा!

काका : पळतो. जरा दम घेतो. बघ तरी माझ्याकडे.

ती : बघतेय की. घामाने निथळताय नुसते.

काका : कोण आहे मी?

ती : पळणारे आहात. नंबर लावलाय ना छातीवर.

काका : आणि ही टोपी?

ती : टोपी छान आहे. आमच्या ह्यांचीही अश्शीच पिवळी. मीच आणली, गर्दीत लांबून दिसावी म्हणून. दिसले का हो ते तुम्हाला? मागे असतील.

काका : दिसले.

ती : पळताहेत ना? की बसले कुठे गप्पा मारत?

काका : पळताहेत. हळूहळू.

ती : हळूच पळतात. दरवर्षी शेवटचे ते, आणि त्यांच्या मागे ती गाडी. गाडी गेली की समजायचं, आता कुणी यायचं राहिलं नाही. अजून गेली नाही ना हो गाडी?

काका : नाही. अजून नाही.

ती : मग येतील. सांगा त्यांना, मी इथेच उभी आहे.

काका : सांगतो.

ताई : काका... काका, चला आता. ओळखलं का हो?

काका : हळू बोल. आणि तू इथे नको उभी राहूस, तिला रस्ता दिसत नाही.

ताई : तुम्ही भिंतीला टेका. एक पाऊलही टाकू नका. मी गाडीच इथे आणते.

काका : नको. गाडी खिडकीपुढून नेऊ नकोस.

ताई : मग कधी नेऊ?

काका : थोड्या वेळाने सिस्टर येतात, खिडकी लावायला. तेवढी थांब.