नानांच्या टाकीचा पासवर्ड

घरच्यांवर भरवसा कसा ठेवावा, ते आमच्या नानांकडून शिका बे! केजजवळ त्यांचं दूध थंड करायचं केंद्र हाय. टाकीचं कूलिंग मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र मीच, त्यांच्या पुतण्यानं, बसवलं, आन् अवघड पासवर्ड टाकून त्यांना बजावलं, "हा कुणालाच द्यायचा न्हाई."

परवा सकाळी गेलो तर टाकीभर दूध नासलेलं. अख्ख्या गावाचं दूध! यंत्र धडधाकट होतं, पण कुणीतरी मोबाईलवरून ते बंद केलतं.

"नाना, पासवर्ड कुणाला दिला?"

"घरच्या ग्रुपवर टाकला. थोरल्या जावयाला दिला आन् धाकट्याला न्हाई, तर रुसवा यील ना!"

माझं टाळकंच सरकलं. तिथंच ग्रुपवर विचारलं. पुण्याच्या धाकट्या जावयाचा फोन आला, "मीच बंद केलं. सारखं चालूच दिसत होतं, म्हटलं लाईटबिल लई यील."

मी नानांवर ओरडलो, "गाव दुधाचे पैसे मागायला दारात येऊन बसलंय! त्यांना काय हे नासकं पाजता का?"

नाना थंडच. "आता ओरडून काय होतंय? आपलीच माणसं हायत. घरच्यांपासून काय लपवायचं?"

"बरं, उघडा तुमचा मोबाईल. आधी यंत्राचा पासवर्ड बदलून सगळ्यांना त्यातून काढतो."

नानांनी खिशातून मोबाईल काढला, आन् त्याच्या लॉकचे आकडे मला दिसू नयेत म्हणून माझ्याकडं पाठ केली.